फ्लेक्सवरच्या माझ्या गालाविषयी तरुण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार (गेल्या गणपतीचा हिशेब दिला असल्यास) आणि समस्त कार्यकर्ते,
आमच्या चौकाचं तरुण मंडळ, नदीकडची बाजू, कोल्हापूर.

विषय : माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरील मजकूर, प्राणी आणि गाल यांबाबत.

पोरांनो,

मी कमी बोलतो हे चौकात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हे पत्र लांबलं तर सव्वीस वर्षांचा साठा एकदम उपसला असं समजा.

गेल्या रविवारी पहाटे धारा काढायला उठलो. गोठ्याकडं जाताना चौकात सहज वर बघितलं, तर वरून मीच बघतोय. १५ बाय १० फुटांचा. अंगात पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, डाव्या बाजूला वाघ, उजव्या बाजूला सिंह, मागं कडाडलेली वीज. खाली तलवारीच्या पात्यागत अक्षरांत लिहिलंय, ‘शांत आहे, संपलेला नाही.’ त्याच्याखाली २७ शुभेच्छुक. त्यातला एक अजून दुपट्यात आहे, पण गॉगल त्यालाही आहे.

चरवी खाली ठेवून मी दहा मिनिटं स्वतःकडं बघत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मला माझीच भीती वाटली. मग तो फोटो कुठला आहे ते लक्षात आलं, आणि जास्तच वाटली.

फोटोचं पुढं सांगतो. आधी त्या पोराचं.

आपल्या मंडळातलं सगळ्यात धाकटं कार्टं (नाव लिहीत नाही, त्याची आई वाचते) मंगळवारी दिवेलागणीला माझ्याकडं आलं. डावा कान तांबड्या रश्श्यागत लाल. मी विचारलं, “काय रं?” म्हणालं, “अण्णा, कॉलेजच्या गेटवर चौघं आडवी आली. मी तुमच्यागत केलं. हाताची घडी घातली, नजर रोखली आणि एक शब्द बोललो नाही.”

“मग?”

“त्यांनी हाणलं.”

“मग?”

“तरीपण बोललो नाही. मग आणखी हाणलं.”

एवढं सांगून ते डोळ्यांत पाणी आणून मलाच विचारतंय, “अण्णा, माझं कुठं चुकलं?”

कुठं चुकलं ते मला ठाऊक होतं. पण सांगायचं तर सव्वीस वर्षांची दहशत मोडीत निघते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. (लागला, पण कूस बदलत.) शेवटी ठरवलं, सांगून टाकायचं. वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो म्हणतात. माझ्याकडं डाव एकच होता. तो राखून ठेवला तर शिकवणार काय, शेणगोळा?

पण क्रमानं घेऊ. आधी जनावरं.

वाघ एकटा फिरतो, हे खरं आहे. पण का फिरतो, याचा कुणी विचार केला? त्याचं स्वतःच्या जातभाईंशी पटत नाही म्हणून. आणि तुम्ही त्याच्या बाजूला २७ माणसं बसवली. सिंहाचं तर विचारूच नका. तो कळपात राहतो, शिकारीची दगदग बहुतेक वेळा सिंहिणी करतात, आणि जेवायच्या वेळेला हा उठून पहिल्या पंगतीला. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, “मग बरोबर लावलाय की,” आणि आत गेली. शिवाय आता या देशात सिंह उरलाय तो गुजरातेत, गीरच्या बाजूला. त्याचा आपल्या पेठेशी काय संबंध? वर्गणी तरी दिली का त्यानं?

त्यापेक्षा चित्ता चालला असता. संस्थानाच्या काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. पण चित्त्याची अडचण अशी की त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरागत घुरघुरतो, नाहीतर पाखरागत चिवचिवतो. जमिनीवर त्याच्याइतकं जोरात कुणी पळत नाही, आणि आवाज चिमणीचा. यात काहीतरी मोठा अर्थ आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. अजून हाती लागलेला नाही.

माझं मत विचारलं असतं तर मी गवा सांगितला असता. आपल्या जिल्ह्याचं जनावर. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून त्याच्यासाठी राखलंय. अंगानं हजार किलोपर्यंत भरतो आणि गवत खातो. ‘मी गवा आहे’ असं तो कुणाला सांगत बसत नाही. कधीमधी वाट चुकून शहराच्या वेशीपर्यंत येतो, तेव्हा त्याच्या मागं मोबाईल धरून पळणारे शंभरभर वाघ मी बघितलेत. गवा नुसता मागं वळला की सगळे वाघ गटारात.

आता तुम्ही म्हणाल, अण्णांना हे कुठून कळलं. तर मी करवीर नगर वाचन मंदिरात जातो. १८५० सालची संस्था आहे ती. सुरुवातीला उन्हाळ्यात पंख्यासाठी गेलो, हे कबूल करतो. पण पंख्याखाली बसायचं तर हातात काहीतरी धरावं लागतं, आणि धरलं की लोक बघतात म्हणून वाचावं लागतं. असं करत करत मी ग्रीक लोकांपर्यंत पोहोचलो. तिथं बघतो तर सगळी आपलीच माणसं.

प्लेटो घ्या. त्याचं पाळण्यातलं नाव ॲरिस्टोक्लीस होतं म्हणतात. ‘प्लेटो’ हे नाव त्याच्या कुस्तीच्या वस्तादानं ठेवलं, कारण गडी अंगानं रुंद होता. म्हणजे आपल्यात ‘रुंद्या’. सगळं जग ज्याच्यापुढं मान तुकवतं त्याला तालमीत ‘ए रुंद्या, माती ओढ’ म्हणत असणार. तत्त्वज्ञान हे मुळात तालमीतून निघालंय, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे. त्याला आता पुरावा मिळाला. या रुंद्याचा गुरू सॉक्रेटिस. लढाईवर असताना हा एकदा सकाळी कसलातरी विचार करत एका जागी उभा राहिला, तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत तसाच. बरोबरचे काही शिपाई हा कधी हलतोय ते बघायला रात्री अंथरुणं बाहेर टाकून झोपले. त्याचं नाव अजून निघतंय. मी चौकात रात्री साडेअकरापर्यंत उभा राहिलो, तर आई म्हणते, “कोपऱ्यावर काय टवाळक्या लावल्यात?”

आणि क्रोटोनचा मिलो. हा तर खरा पैलवान. ऑलिंपियाला सहा वेळा जिंकला. गोष्ट अशी की हा रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं तशी ह्याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी बैल झाला तरी हा उचलतोच आहे. मी आमच्या रेडकावर करून बघितलं. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी रेडकाची आई आडवी आली. मिलोच्या गोष्टीत वासराची आई कुठंच नाही. तिथंच मला ग्रीकांचा संशय आला. मिलो मेला कसा, तेही ऐका. जंगलात कुणीतरी अर्धवट फाडून पाचरी मारून ठेवलेलं झाड होतं. ह्यानं ताकद दाखवायला त्या फटीत हात घातले, पाचरी निसटल्या, हात अडकले आणि रात्री लांडगे आले. माझ्यापुरतं मी यातून एवढंच घेतलं की दुसऱ्यानं फाडून ठेवलेल्या गोष्टीत हात घालू नये. गेल्या गणपतीत साऊंडवरून तुमची मारामारी लागली, तेव्हा मी कुठं होतो याचं उत्तर हे आहे. “अण्णा मुद्दाम आले नाहीत, आले असते तर मुडदे पडले असते,” असं तुम्ही सांगत फिरलात. मी मिलो वाचत होतो. दाराला आतून कडी लावून.

फ्लेक्सवर ‘लाल मातीतला ढाण्या’ असंही लिहिलंय. ते मात्र ताबडतोब खोडा. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती ही ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेली असते. तिच्याबद्दल खोटं बोललं तर अंगाला खाज सुटते, असं आमचे वस्ताद सांगायचे. माझी कारकीर्द अशी आहे : वय वर्षं नऊ, जत्रेतला फड, रेवड्यांची कुस्ती. जोड माझ्याहून बुटका. हलगी वाजली तसा तो रडायला लागला, म्हणून पंचांनी माझा हात वर केला. रेवड्या दोघांत निम्म्या निम्म्या वाटल्या. मीही रडत होतो, पण त्याचा आवाज मोठा होता. पुढं सहा वर्षं तालमीत गेलो, तर वस्तादांनी बहुतेक काळ हौदा खणायला ठेवला. माझ्या हातात फावडं चांगलं चालतंय म्हणाले. खासबाग मैदानात मी उतरलोय हेही खरं आहे. पाणी मारायला उतरलो होतो. शाहू महाराजांनी १९१२ ला पुरं केलेलं मैदान. हौदा मध्यभागी आणि बसायच्या जागा भोवती चढत गेलेल्या, त्यामुळं कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. पण हौद्याजवळ उभं राहून वर बघितलं की मग कळतं, सगळी डोकी आपल्याकडंच बघतायत. हातात नुसती झारी असताना माझे पाय लटपटले. लंगोटावर उतरणाऱ्याचं काय होत असेल!

आणि मातीतलं नाव घ्यायचंच असेल तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं घ्या. आपल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक. वजनगट ५७ किलो. आपल्या अध्यक्षांचा एक पाय तेवढा भरेल. तिकडं जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन आले तर मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या. त्यानंतरचं वैयक्तिक पदक देशाला मिळायला १९९६ उजाडलं. मधल्या काळात या माणसानं पोलिसात नोकरी केली. ‘शांत आहे, संपलेला नाही’ असं त्यांनी कुठं लिहून लावल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि मी रेवड्यासुद्धा निम्म्या घेऊन घरी आलेला माणूस, तो १५ बाय १०.

बरं, आता तो डाव.

१९९९ चा मे महिना. वळीव पडून गेला होता. मी २४ वर्षांचा. चौकातल्या टपरीपाशी उभा होतो. आदल्या दिवशी फुटबॉलची मॅच झालेली. आपल्याकडं पेठांची मॅच म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या बाजूच्या कुणीतरी पलीकडच्या पेठेच्या गोलकीपरची आई काढली होती. त्यावरून तापलेला एक गडी सात-आठ जणांना घेऊन आला आणि पहिला सापडला तो मी. त्यानं शिव्या दिल्या. मी गप्प. त्यानं छातीला छाती लावली. मी गप्प. माझी नजर रोखलेली, डोळे लालबुंद, जबडा आवळलेला. टपरीवाल्यानं बिस्किटांच्या बरण्या आत घेतल्या. सगळा चौक थांबला. मग मी घशातून एक आवाज काढला, “हुंम्म.” बास. तो गडी एक पाऊल मागं सरला. “जाऊ दे अण्णा, गैरसमज झाला,” म्हणाला आणि सगळी वरात आल्या वाटेनं परत गेली. त्या दिवसापर्यंत मला कुणी अण्णा म्हणत नव्हतं.

पोरांनो, माझी अक्कलदाढ येत होती.

खालची, उजवीकडची, आडवी. तीन दिवस तोंड उघडत नव्हतं. दातांच्या फटीतून गुळाचं पाणी जात होतं तेवढंच. रात्रभर झोप नाही म्हणून डोळे लाल. नजर रोखली होती म्हणता, ती त्या गड्यावर नव्हतीच. त्याच्या मागं औषधाचं दुकान होतं. ते उघडतंय का बघत होतो. आणि ‘हुंम्म’ म्हणजे ‘अरे बाबा, मी त्या मॅचला नव्हतोच’ हे अख्खं वाक्य होतं. तोंडातून तेवढंच बाहेर पडलं.

त्याच आठवड्यात मावसभावाचं लग्न होतं. फोटोवाला सारखा म्हणत होता, हसा हसा. हसता येत असतं तर हसलो नसतो का? तो फोटो तुम्ही फ्लेक्सवर लावलाय. गॉगल नंतर कॉम्प्युटरवर चढवला असेल, पण गाल तोच आहे. पेठ ज्याला अण्णांचा जबडा म्हणते, ती सूज आहे.

दाढ काढायला गेलो त्याचीही कथा तुम्ही सांगता, की अण्णांनी भूल न घेता दाढ काढून घेतली, हूं नाही की चूं नाही. हूं की चूं कशी निघणार? मी हजरच नव्हतो. डॉक्टरांनी सुई उजेडात धरली तेवढं आठवतंय. पुढचं आठवतंय ते, तोंडावर पाणी मारलेलं आणि दाढ ताटलीत. डॉक्टर म्हणाले, ह्या दाढा साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षात येतात. जागा नसते म्हणून शेजारच्याला ढकलत येतात, आणि चावायला काही फारशा उपयोगी पडत नाहीत, बाकीचे दात असतातच. मी विचारलं, मग अक्कलदाढ का म्हणतात? ते म्हणाले, उगीच. जगातल्या मोठमोठ्या नावांमागं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं, असं माझं तेव्हापासून मत आहे. ती दाढ आमच्या घरी कुंकवाच्या जुन्या डबीत आहे. कुणाला दर्शन घ्यायचं असेल तर मिळेल.

दाढ गेली, तोंड उघडलं आणि खरी पंचाईत झाली. मी बोलायला लागलो की लोकांची भीती उतरायची. हे मी आठ दिवसांत ओळखलं आणि पुन्हा गप्प झालो. सव्वीस वर्षं. सोपं नाही ते. भाजीवाली “किती देऊ?” विचारते, मी नुसती नजर रोखतो. ती घाबरून दोन किलो घालते. त्या नजरेपायी आमच्या घरात गेली सव्वीस वर्षं गवारी जास्त होतीय. घरात मात्र ही दहशत कधी चालली नाही. बायकोची मावशी त्या दाताच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळं लग्न ठरायच्या आधीच तिला सगळं ठाऊक. म्हशीवर तर नाहीच नाही. दिवाळीत पाडव्याला गवळ्यांची पोरं सायलेन्सर काढलेल्या गाड्यांवर पुढं आणि त्यांच्या म्हशी शिंगं रंगवून मागं पळतात. आमची म्हैस माझ्या गाडीमागं दहा पावलं येते आणि थांबते. मग आई पायी पुढं जाते, तिच्या मागं म्हैस, म्हशीच्या मागं मी.

गप्प राहणं एकदाच जमलं नाही. २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. रात्रीतून गोठ्यात पाणी आलं. दावी कापली, म्हशी पोहत निघाल्या आणि मी शेवटचीच्या शेपटीला. मी “आई, आई” म्हणून ओरडत होतो, हे आळीतल्या चौघांनी ऐकलं. त्यांनी नंतर चौकात सांगितलं की अण्णा आईला वाचवायला पुरात उतरले. आई तेव्हा मंगल कार्यालयात चारशे माणसांच्या चपात्या लाटत होती.

तर त्या कान लाल झालेल्या पोराला माझ्याकडं पाठवून द्या. मी त्याला ‘मी त्या मॅचला नव्हतो’ हे वाक्य मोठ्यानं आणि सगळी अक्षरं ऐकू येतील असं म्हणायला शिकवणार आहे. मलाही सराव नाही, दोघं मिळून करू. आणि त्याच्या गालाला सूज आली असेल तर फोटो काढून घेऊ नका.

फ्लेक्सचं म्हणाल तर त्यावर परवानगीचा नंबर कुठंच दिसला नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे. वाचन मंदिरात बघून आलो. काल तो फ्लेक्स काढायला गाडी आली, तर “अण्णांचा आहे, कोण हात लावणार?” म्हणून माणसं खालीच उभी. माझं ऐकूनच घेईनात. मी ‘काढा’ म्हणालो की त्यांना ती धमकी वाटायची. शेवटी शिडी मीच लावली, दोऱ्या मीच कापल्या आणि त्यांनी खालून मला धरलं.

कापड चांगल्या जाडीचं आहे, त्याबद्दल मंडळाचे आभार. गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलंय त्यावर टाकलं. वाघ आणि सिंह वर गेले, मी आतल्या बाजूला आलोय. म्हशीनं मान वर करून माझ्याकडं एकदा नीट बघितलं, आणि रवंथ चालू ठेवलं.

आपला,
अण्णा

ता. क. : शुभेच्छुकांची खालची पट्टी कापून वेगळी काढून ठेवलीय. ज्याला आपापला फोटो पाहिजे त्यानं पहाटे पाचला गोठ्यावर यावं. येताना बादली आणि खराटा आणावा.